चाळीत माणसं राहत असताना रिपेअरिंग: आमच्या कॉन्ट्रॅक्टरचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

दोन पावसाळे पूर्ण जाऊ दिले आणि मगच लिहायला बसलेय, कारण काम संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नवा रंग बघूनच लिहिलं गेलं असतं. मी कॉन्ट्रॅक्टरच्याच पेजवर टाकतेय त्यामुळे नाव वेगळं लिहीत नाही. आमची चाळ गिरगावातली, तळमजला अधिक तीन मजले, लाकडी तुळया, लाकडी खांब, वर मंगलोरी कौलं, १९४० च्या आधीची म्हणजे सेसच्या (जुन्या बिल्डिंगवरचा दुरुस्ती कर) हिशोबात ए कॅटेगरी. वर ३६ बिऱ्हाडं, खाली ५ दुकानं. सगळे पागडीवाले भाडेकरू, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पागडी देऊन जुन्या कमी भाड्यात राहणारे. डिसेंबर २०२३ ला काम सुरू झालं आणि जुलै २०२४ मध्ये संपलं आणि ह्या सगळ्या काळात आम्ही आतच राहत होतो. पॉइंट हाच आहे. रिकाम्या बिल्डिंगचं काम कोणीही करेल. वर म्हातारी माणसं झोपलीयेत, खाली मुलं शाळेला निघालीयेत, मधल्या मजल्यावर कुकरची शिट्टी होतेय आणि त्याच वेळी त्यांच्या पायाखालची तुळई बदलायची आहे, हे जमणारा माणूस शोधायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

आता कोणी विचारेल की मग तुम्ही बाहेर का नाही गेलात. पागडीच्या घरात राहिलेल्याला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. एकदा खोली सोडली की परत मिळेल की नाही ही भीती प्रत्येकाच्या पोटात असते. आमच्याच ओळखीतली माणसं संक्रमण शिबिरात (तात्पुरत्या घरांत) गेली ती तिथेच म्हातारी झाली. कायद्यात तरतूद आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून दिली तर काम झाल्यावर भाडेकरूला ताबा परत मिळायला हवा, आणि त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मालकाला पाणी-लाईट सारख्या गरजेच्या गोष्टी बंद करता येत नाहीत. पण कागदावरचा हक्क मिळवायला कोर्टात किती वर्षं जातात हे सगळ्यांना माहितीये. म्हणून लोक जीव मुठीत धरून आत राहतात, आम्हीपण राहिलो.

आधीचा अनुभव सांगितल्याशिवाय ह्यांचं चांगलं काय ते कळणार नाही. २०१६ ला दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरने आमचं थोडं काम केलं होतं, त्याचं नाव घेत नाही. त्याने पहिल्याच दिवशी रेती आणि विटा जिन्याखाली, मीटरच्या पेटीला लागून टाकल्या, रॅबिटच्या म्हणजे तोडकामाच्या मलब्याच्या गोणी प्रत्येक मजल्याच्या वळणावर साठवल्या, पाणी न सांगता दोन दिवस बंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या मजल्याखालची वाळवी लागलेली तुळई काढताना टेकू फक्त पहिल्या मजल्याच्या जमिनीवर उभे केले. म्हणजे वरचं सगळं वजन खालच्या खोलीच्या कड्यांवर. संध्याकाळी खालच्या वहिनींच्या खोलीची फरशी मधोमध बोटभर खाली गेली, कपाटाचं दार आपोआप उघडलं म्हणून त्यांच्या लक्षात आलं. नशीब त्या जाग्या होत्या. तेव्हापासून आमच्या चाळीत रिपेअरिंग शब्द काढला तरी लोक अंगावर यायचे.

ह्यावेळी आमच्या चाळीच्या मंडळाची मीटिंग झाली तेव्हा मी माझ्या भाचीने पाठवलेला एक फोटो दाखवला. ती न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये भाड्याने राहते, तिच्या बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट तोडून नवीन करत होते तर खाली लॉबीत नोटीस चिकटवलेली, टेनंट प्रोटेक्शन प्लॅन नावाची. तिकडे माणसं राहत असलेल्या बिल्डिंगमध्ये असं काम करायचं तर हा प्लॅन शहराच्या बिल्डिंग खात्याकडे आधी द्यावा लागतो, त्याशिवाय परमिट नाही. त्यात लिहायचं काय तर बाहेर पडायचा रस्ता कसा मोकळा ठेवणार, आगीपासून काय काळजी, धूळ कशी अडवणार, आवाज कधी, पाणी गॅस लाईट बंद होणार असेल तर किती वेळ आणि पर्यायी काय, स्ट्रक्चरला धोका नको म्हणून काय करणार. मला ते वाचून वाटलं की हे तर आपल्याला २०१६ ला नडलं ते सगळंच्या सगळं आहे. मग आम्ही तिघी-चौघांनी बसून दीड पानाचं मराठीत लिहिलं, आपल्या चाळीच्या भाषेत, संडासाची लाईन आणि सकाळच्या पाण्याची वेळ वगैरे घालून, आणि ठरवलं की जो ह्याच्यावर सही करेल त्यालाच काम. रिपेअर बोर्डाची (म्हाडाचं जुन्या बिल्डिंगच्या दुरुस्तीचं मंडळ) परवानगी, स्ट्रक्चरल इंजिनियर ते सगळं वेगळं चालूच होतं.

पाच कॉन्ट्रॅक्टर आले. चौघांनी दर सांगितले, सिमेंट कुठलं, स्टील कुठलं ते सांगितलं, आमचा कागद बघून "होऊन जाईल हो ताई, टेन्शन घेऊ नका" म्हणाले. ह्यांनी कागद घरी नेला आणि तीन दिवसांनी पेन्सिलने खुणा करून परत आणला. दोन गोष्टी जमणार नाहीत म्हणून स्पष्ट सांगितलं, एक म्हणजे रोज संध्याकाळी रॅबिट खाली नेणं शक्य आहे पण ट्रक रोज येणार नाही, दुसरं म्हणजे ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) अजिबात न लावता काम होणार नाही. आणि चार गोष्टी त्यांनीच स्वतःहून घातल्या ज्या आम्हाला सुचल्या नव्हत्या. तिथेच मी मत दिलं, दर सगळ्यात कमी नव्हता तरी.

काम सुरू करायच्या आधी त्यांनी पहिले १० दिवस कुठल्याही भिंतीला हात लावला नाही. मागे संडासांच्या बाजूला आमचा लोखंडी गोल जिना आहे, तो वर्षानुवर्षं बंद, कुणाच्या सायकली, कुणाचे जुने माठ, वरच्या तीन पायऱ्या गंजून गेलेल्या. त्यांनी तो पहिला मोकळा केला, पायऱ्या वेल्ड केल्या, कठडा लावला, प्रत्येक मजल्यावर बल्ब दिला. लोक कुरकुरले, आमचं सामान कुठे ठेवू म्हणून. साइट इंजिनियर मुलगा होता, पंचवीस-सव्वीसचा असेल, तो म्हणाला काकू, पुढच्या जिन्याची एक पायरी जरी मी काढली तरी ३६ घरांना उतरायला दुसरी वाट पाहिजे, ती नसेल तर मी पायरी काढणार नाही. मग पुढचा लाकडी जिना त्यांनी अर्धा अर्धा करून केला, सकाळी ११ ते दुपारी ४ मध्येच, आणि रोज ६ वाजता दोन्ही जिने रिकामे, गोणी नाही, बल्ली नाही, हत्यारं नाहीत. मुकादम स्वतः वरपासून खालपर्यंत चालून बघायचा.

हे मी इतकं का लिहितेय ते सांगते. फेब्रुवारीत एका रात्री दोन वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. वय ७८. चार मुलांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून खाली आणलं, पुढच्या जिन्यानेच, मी टॉर्च घेऊन पुढे होते पण टॉर्च लागलाच नाही कारण प्रत्येक वळणावर तात्पुरता दिवा चालू होता आणि पायात काहीसुद्धा आलं नाही. २०१६ च्या रेतीच्या ढिगाऱ्यावरून ती खुर्ची कशी नेली असती हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. काका आज व्यवस्थित आहेत, रोज सकाळी खाली पेपर आणायला उतरतात.

टेकूंबद्दल. ज्यांच्या बिल्डिंगला टेकू लागणार आहेत त्यांनी हे नीट वाचा. टेकू ज्या मजल्यावर दिसतो तिथेच संपला तर त्याचा उपयोग नाही. वरच्या तुळईचं वजन खालच्या टेकूवर, त्याच्या बरोब्बर खाली दुसरा टेकू, त्याच्या खाली तिसरा, असं करत ते थेट तळमजल्यावरून जमिनीत जायला पाहिजे, आणि खाली जाड फळी, टेकू नुसता फरशीवर नाही. आमच्याकडे ह्याचा अर्थ असा झाला की दुसऱ्या मजल्याखालची एक तुळई बदलायची तर पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत आणि तळमजल्याच्या दुकानात मधोमध टेकू येणार. दुकानदार तयार होईना. लग्नसराई आहे, गिऱ्हाईक कुठे उभं करू म्हणाला, त्याचंही खरं होतं. पण ह्या कॉन्ट्रॅक्टरने वरचं काम ९ दिवस थांबवून ठेवलं, माणसांना बसवून पगार देत होता, पण दुकानात टेकू लागल्याशिवाय वर छिन्नी मारली नाही. शेवटी इंजिनियर आणि आमचे दोन ज्येष्ठ जाऊन बसले, टेकू भिंतीकडे थोडे सरकवून वर एक लोखंडी चॅनेल आडवा दिला म्हणजे मधली वाट राहिली, आणि तेवढ्या महिन्याचं दुकानाचं लाईटबिल मंडळाने भरायचं ठरलं. मिटलं.

त्याच बैठकीत दुसरी एक गोष्ट बाहेर आली. शेजारच्या दुकानदाराला आमच्या कामाचा फायदा घेऊन आतला एक खांब काढून दुकान मोठं करायचं होतं, मिस्त्री आहेतच तर करून टाका म्हणत होता, वर पैसे देतो म्हणाला. ह्यांनी तिथल्या तिथे नाही सांगितलं आणि मंडळाला लेखी कळवलं. मला घाटकोपर आठवलं. २५ जुलै २०१७, सिद्धी साई बिल्डिंग, तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, वर लोक राहत होते, बिल्डिंग कोसळली, १७ माणसं गेली, आणि खालच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. त्याच्या आधी २०१३ च्या सप्टेंबरमध्ये डॉकयार्ड रोडला महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची बिल्डिंग कोसळली, ६१ माणसं गेली, तिथेही तळमजल्याच्या गोडाऊनमधल्या फेरफारांची चर्चा झाली होती. वर राहणाऱ्या माणसाला खालच्या दुकानाचं शटर बंद करून आत काय चाललंय ते कळत नाही. म्हणून आमच्या कागदात एक वाक्य आहे की कामाच्या काळात ५ दुकानांसकट सगळ्या ठिकाणी इंजिनियरला कधीही जाऊन बघायची परवानगी, आणि हे वाक्य ह्या कॉन्ट्रॅक्टरने घातलेल्या चारपैकी एक आहे.

आगीची काळजी हे दुसरं. लाकडी तुळई काढून आयबीम (लोखंडी तुळई) बसवायचा म्हणजे वेल्डिंग आलं, आणि आजूबाजूला शंभर वर्षांचं सुकलेलं लाकूड. तर वेल्डिंगच्या आधी त्या खोलीतला आणि वरच्या-खालच्या खोलीतला गॅस बंद करून सिलेंडर गॅलरीच्या टोकाला, लाकडावर ओलं बारदान, दोन बादल्या पाणी, एक फायर एक्स्टिंग्विशर, आणि काम संपल्यावर एक माणूस तासभर तिथेच बसून राहायचा, ठिणगी कुठे धुमसत नाही ना बघायला. एप्रिलमध्ये एकदा खरंच एका फटीतून धूर आला, काम थांबून अर्धा तास झाला होता, त्या माणसाने तिथेच पाणी मारलं. तो जर सामान आवरून चहाला गेला असता तर आज मी काय लिहीत असते ते माहीत नाही. त्या माणसाला आम्ही गुढीपाडव्याच्या जेवणाला बोलावलं होतं, पाडव्याला शोभायात्रेमुळे काम बंदच होतं आणि आदल्या दिवशी त्यांनी दारातली सगळी रॅबिट उचलून रस्ता धुवून दिला होता.

आता जिथे कमी पडले ते. धूळ. माझ्या सासूबाईंना दमा आहे, वय ८२, त्यामुळे हा विषय माझ्या घरचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने धुळीचे नियम काढले होते, बांधकामाला चारी बाजूंनी हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाणी मारणं, रॅबिटची गाडी झाकून नेणं, ते बाहेरच्या बाजूने त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळलं कारण रस्त्यावरून दिसतं. पण आत गॅलरीत पहिले दोन आठवडे काहीच नव्हतं. ग्राइंडर कोरडा चालवायचे आणि ती बारीक पांढरी धूळ दाराखालून, खिडकीतून, देवाच्या ताम्हणापर्यंत. सासूबाईंना दोनदा नेब्युलायझर द्यावा लागला. मी कागद घेऊन गेले, त्यात लिहिलंय दाखवलं, तेव्हा पुढच्या दिवशी जाड प्लास्टिकचे पडदे लागले, ग्राइंडरवर पाण्याची बाटली धरायला एक पोरगा ठेवला, आणि ज्या खोलीजवळ तोडकाम असेल त्या खोलीच्या दाराला ओलं बारदान. फरक पडला, खूप पडला. पण तो पहिल्या दिवसापासून पडायला हवा होता, सही त्यासाठीच घेतली होती, आणि मी भांडले नसते तर झालं नसतं. ज्यांच्या घरी भांडायला कोणी नाही त्यांचं काय.

पाण्याची टाकी हे दुसरं. गच्चीकडच्या भिंतीचं प्लास्टर चालू असताना टाकीचं झाकण नीट लावलं नव्हतं आणि सिमेंटचं पाणी आत गेलं. साफ करून दिली, टँकरचे पैसेही त्यांनीच दिले, पण दोन दिवस गेले त्यात आणि ते दोन दिवस ३६ घरांनी पाण्याचे जार वर चढवले. एरवी पाण्याच्या बाबतीत तक्रार नाही, सकाळी १० च्या आधी नळाच्या लाईनला हात लावायचा नाही हे पाळलं, बंद करायचं असेल तर आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहायचे आणि प्रत्येक मजल्यावर दोन पिंप भरून ठेवायचे. संडास एका वेळी एकच तोडायचा हेही पाळलं. ह्यातलं महत्त्व बायकांना आणि म्हाताऱ्यांना विचारा.

आवाज ठीक होता, म्हणजे ब्रेकरचा आवाज कधी ठीक नसतो पण १० ते १ आणि ४ ते ६ एवढाच वेळ लावायचे, दुपारी बंद. मार्चमध्ये चाळीतली तीन मुलं दहावीला होती, पेपरच्या आदल्या दिवशी ब्रेकर नाही असं ठरलं आणि एकदाही मोडलं नाही. त्याचा उशीर झाला तो झाला.

उशीर मात्र त्याहून बराच जास्त झाला. ५ महिने बोलले होते, जवळजवळ ८ लागले. थोडा दुकानाच्या टेकूमुळे, थोडा परीक्षेमुळे, पण मुख्य कारण त्यांनी एप्रिल-मेमध्ये निम्मी माणसं दुसऱ्या साइटवर हलवली हे आहे आणि ते त्यांनी सरळ कबूल केलं नाही. त्यामुळे जून उजाडला आणि मागची बाजू उघडी, ताडपत्री लावून पहिला पाऊस काढला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांनी गाद्या गुंडाळून रात्री जागवल्या. एक स्टार त्याचा कापलाय. धुळीचा अर्धा खरंतर वेगळा कापायला हवा होता पण ते सुधारलं म्हणून सोडला.

चार खोल्या प्रत्येकी साधारण १२ दिवस रिकाम्या कराव्याच लागल्या, वरची तुळई काढल्यावर आत कोणी राहणं शक्य नव्हतं. तिथे सगळ्यात जास्त भीती होती. आधी प्रत्येक खोलीचे फोटो, मापं, माळा किती फुटांचा, मोरी कुठे, सगळं लिहून त्यावर मालक, भाडेकरू आणि कॉन्ट्रॅक्टर तिघांच्या सह्या, परतायची तारीख टाकून. मालक सही करायला तयार नव्हता, कॉन्ट्रॅक्टरनेच सांगितलं की सही नसेल तर मी खोलीला हात लावत नाही, मग केली. कुलूप भाडेकरूचं, किल्ली भाडेकरूकडे, मजूर आत जाताना घरातलं कोणीतरी उघडून द्यायचं. चाळीतच एक बंद खोली होती ती चौघांनी आळीपाळीने वापरली. पहिलं कुटुंब तेराव्या दिवशी आपल्या खोलीत परत आलं तेव्हा बाकीच्या तिघांनी सामान बांधायला घेतलं. त्याआधी एकही तयार नव्हता.

पैशाचं थोडक्यात. सगळा खर्च भाडेकरूंनीच वाटून केला, हप्ते कामाच्या टप्प्यांवर, आणि १० टक्के एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवले. ह्याला पाचपैकी एकटे हेच तयार झाले होते. त्याचा उपयोग झाला, ऑगस्टमध्ये जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात ओल आली तर फोन केल्यावर दोन दिवसांत माणूस आला, कौलं काढून खालचा पत्रा बदलून गेला. यंदाच्या पावसात तो कोपरा कोरडा होता, मी स्वतः हात लावून बघितला.

मागच्या भिंतीचं प्लास्टर ओबडधोबड आहे, त्याला मी काही म्हणत नाही, तिकडे कोण बघतंय. लोखंडी जिना अजून मोकळा आहे, मंडळाने नियमच केलाय, पण तिथला दुसऱ्या मजल्यावरचा बल्ब गेलाय आणि तो होल्डर ह्यांच्या वॉरंटीत येतो, मागच्या आठवड्यात फोन केलाय, अजून कोणी आलेलं नाही. लावून गेले की इथेच अपडेट करते.